फोनवर पास्कल चालवायचं तर

फोनवर पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोग्रॅम चालवायचा म्हटलं की हात आधी प्ले स्टोअरकडे जातो. 'पास्कल कंपायलर' असं शोधायचं, चार-पाच ॲप दिसतात, त्यातलं जास्त स्टार असलेलं उतरवायचं. कधी जमून जातं. कधी दोन जाहिराती बघून झाल्यावर कळतं, की इंटरनेट बंद केलं की हे ॲप मुकं होतं. मग ठरलेला निष्कर्ष: फोनवर कुठे प्रोग्रॅमिंग होतं का, लॅपटॉप घ्या. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलाला हा सल्ला देणाऱ्याचं काय जातं? लॅपटॉपचे पैसे त्याला द्यायचे नसतात.

शिवाय निष्कर्षच चुकीचा आहे. ताकदीत फोन कुठेही कमी पडत नाही. निक्लाउस विर्थ यांनी झ्युरिकमध्ये १९७० साली पास्कल भाषा जाहीर केली. बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल १९८३ मध्ये आलं, आणि नव्वदच्या दशकात पुण्यात कॉम्प्युटर क्लास केलेल्या अनेकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांच्या निळ्या पडद्यावर झाली. या टर्बो पास्कलच्या ३.०२ आवृत्तीची मुख्य फाइल होती ३९,७३१ बाइट्सची. एडिटर आणि कंपायलर, दोन्ही त्यातच. घरच्या ग्रुपवर रोज येणारं सुप्रभातचं फुलाचं चित्र याहून मोठं असतं.

तेव्हा फोन झेपेल का, हा प्रश्नच नाही. खरे प्रश्न दोन: मशीन कोड तयार कुठे होतो, आणि तयार झालेला कोड चालवायची परवानगी कोण देतं? या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असली की कुठलंही ॲप उघडून पाच मिनिटांत कळतं, ते काय करू शकेल आणि काय नाही.

पहिला प्रश्न आधी. पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम ही नुसती मजकुराची फाइल असते. प्रोसेसरला त्यातलं अक्षरही कळत नाही. कंपायलर ती वाचतो आणि प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना, म्हणजे मशीन कोड, तयार करतो. लिंकर त्याला आकडा छापणं, कीबोर्डवरून ओळ वाचणं अशा नेहमीच्या कामांचा तयार कोड जोडतो आणि चालवता येईल अशी फाइल बनते. पास्कलची रचना अशी आहे की कंपायलरला फाइल वरून खाली एकदा वाचून काम उरकता यावं. व्हेरिएबल वापरण्याआधी जाहीर करा, प्रोसिजर आधी लिहा नाहीतर 'फॉरवर्ड' म्हणून कळवा, ही सक्ती विद्यार्थ्यांना जाचते; पण कंपायलर छोटा आणि वेगवान राहिला तो त्यामुळेच.

हा मशीन कोड प्रोसेसरगणिक वेगळा असतो. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीत बहुतेक करून इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर, फोनमध्ये आर्म. लॅबमध्ये तयार झालेली ईएक्सई फाइल व्हॉट्सॲपवरून फोनवर घेतली तरी ती चालणार नाही. सूचना दुसऱ्याच प्रोसेसरच्या, आणि फाइलची बांधणी विंडोजसाठीची. आज पास्कल म्हणजे बहुतेकांसाठी फ्री पास्कल, जे १९९३ मध्ये फ्लोरियन क्लेम्फल यांनी सुरू केलं आणि जे फुकट व मुक्त आहे. त्यात ६४-बिट इंटेलसाठी पीपीसीएक्स६४ आणि ६४-बिट आर्मसाठी पीपीसीए६४ असे वेगवेगळे कंपायलर आहेत. आपण टाइप करतो ती एफपीसी ही कमांड. ती यातला योग्य कंपायलर स्वतःच बोलावते. म्हणजे आर्मसाठीचा कंपायलर आहे, तो फोनवर उतरवताही येतो. मग घोडं अडतं कुठे?

दुसऱ्या प्रश्नापाशी.

परवानगीची भानगड

कंपायलर काय करतो, ते फोनच्या नजरेतून बघा. एक ॲप एक नवी फाइल लिहितं, आणि मग तीच फाइल चालवा म्हणतं. नेमकं हेच व्हायरसही करतो. फोनला दोघांतला फरक कसा कळणार? म्हणून अँड्रॉइड १० पासून नियम असा, की त्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला स्वतःच्या होम फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल थेट चालवता येत नाही. लिहा, वाचा, हवं ते करा, चालवू नका. ॲपसोबत आलेला, लिहिण्यासाठी बंद असलेला कोड मात्र चालतो. फोटो आणि डाउनलोड जिथे राहतात त्या सामाईक स्टोरेजवर तर कुठलाच प्रोग्रॅम चालवता येत नाही, ती जागा आधीपासूनच तशी बांधलेली आहे.

आयफोनवर हे आणखी कडक. तिथे सही असलेला कोडच चालतो आणि ॲपने नवा मशीन कोड तयार करून चालवणं सामान्य ॲपला बंद आहे. फ्री पास्कलला आयफोनसाठी कोड बनवता येतो, पण तो मॅकवर बसून, ॲपलच्या साधनांतून, सही करून. आयफोनच्या आतल्या आत खरा कंपायलर वापरायची आशा सोडा. दुभाष्या पद्धतीचं ॲप किंवा ऑनलाइन कंपायलर, एवढेच पर्याय व्यवहारात उरतात.

'दुभाष्या पद्धत' म्हणजे इंटरप्रिटर. ॲप तुमचा पास्कल मजकूर वाचतं, त्याचं स्वतःच्या सोयीच्या एका मधल्या भाषेत रूपांतर करतं आणि ॲपमधलंच इंजिन त्या मधल्या सूचना एकेक करून पार पाडतं. नवा मशीन कोड तयारच होत नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. ही कल्पना फोनसाठी काढलेली नाही, पास्कलइतकीच जुनी आहे. सत्तरच्या दशकात सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या गटाने याच तत्त्वावर यूसीएसडी पास्कल बनवलं. त्यातल्या मधल्या भाषेला पी-कोड म्हणत. प्रत्येक यंत्रासाठी फक्त पी-कोड चालवणारं छोटं इंजिन लिहायचं, बाकी सगळं जसंच्या तसं. जावाचा बाइटकोड याच घराण्यातला. आणि नोकियाच्या बटणांच्या फोनवर जावाचे गेम चालत तेव्हाही मिडलेट पास्कल नावाचं साधन होतं. पीसीवर पास्कलमध्ये लिहायचं आणि फोनवर चालेल अशी जावाची फाइल मिळवायची.

इंटरप्रिटर ॲप वापरायला सोपं, पण त्याचं पास्कल ॲप लिहिणाऱ्याने जेवढं भरलं तेवढंच. लूप, ॲरे, फंक्शन सहसा ठीक चालतात. पॉइंटर, फाइल, रेकॉर्डचे आडवेतिडवे प्रकार, स्वतः लिहिलेली युनिट (वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले कोडचे भाग) यापाशी आलात की एखादं ॲप अचानक हात वर करतं, आणि चूक आपली की ॲपची हे नवशिक्याला कळत नाही. माझं मत असं, की पहिला महिना यावर काढायला हरकत नाही, अख्खं सेमिस्टर काढू नये.

ऑनलाइन कंपायलरमध्ये फोन फक्त काच आणि कीबोर्ड. प्रोग्रॅम कुठल्यातरी सर्व्हरवर जातो, तिथे फ्री पास्कल तो कंपाइल करतं, तिथेच चालतो आणि उत्तर परत येतं. तिथे एकच गोष्ट बघून घ्या: प्रोग्रॅम चालू असताना इनपुट देता येतं का? ऑनलाइनजीडीबी या साइटवर देता येतं. आयडियावन या साइटवर सगळं इनपुट आधीच एका चौकटीत भरून द्यावं लागतं. 'तुमचं वय टाका' असं विचारणारा प्रोग्रॅम तिथे तुमच्यासाठी थांबत नाही, चौकटीतलं वाचतो आणि पुढे जातो. चौकट रिकामी असेल तर वेगळंच काहीतरी घडतं आणि मुलं सिंटॅक्स तपासत बसतात. आणि कात्रजहून शिवाजीनगरला निघालेल्या गर्दीच्या बसमध्ये रेंज गेली की हा कंपायलरही गेला.

खरा कंपायलर, अँड्रॉइडवर

उरला तो माझ्या आवडीचा मार्ग. टर्मक्स हे अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप आहे, म्हणजे कमांड टाइप करून कामं करून घ्यायची जागा. ते प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइड किंवा गिटहब या साइटवरून घ्यायचं, कारण तिथली आवृत्ती मुद्दाम अँड्रॉइडच्या जुन्या पातळीसाठी बांधलेली आहे आणि म्हणून वरचा 'चालवू नका' नियम तिला लागू होत नाही. फोन रूट करावा, म्हणजे त्याची कुलपं तोडून पूर्ण ताबा घ्यावा, लागत नाही.

टर्मक्समध्ये आधी प्रूट-डिस्ट्रो नावाचं पॅकेज घ्यायचं आणि त्याच्याकडून डेबियन लिनक्स बसवून घ्यायचं. हा वळसा कशाला? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, असला तरी त्याची सी लायब्ररी (प्रोग्रॅम ज्यावर विसंबतात तो नेहमीच्या कामांचा तयार कोड) वेगळी आहे, तिला बायोनिक म्हणतात. डेबियनसाठी बांधलेले प्रोग्रॅम ग्लिबसी ही लायब्ररी गृहीत धरतात. प्रूट एक आभासी घर उभं करतं, ज्यात डेबियनच्या प्रोग्रॅमना आपापल्या वस्तू अपेक्षित जागी सापडतात. त्या घरात शिरलात की एपीटीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडला, एफपीसी इन्स्टॉल करायला सांगायचं, बस्स. आधी एपीटी अपडेट करायला विसरू नका, आणि फोनमध्ये एक-दोन जीबी जागा मोकळी ठेवा. हे सगळं वायफायवर करा. एकदा बसलं की पुढे इंटरनेटची गरज नाही; बोगद्यातही कंपाइल होईल.

नॅनो एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहा, पीएएस शेपटीने सेव्ह करा, एफपीसी आणि फाइलचं नाव टाइप करा. कंपायलर स्वतःची आवृत्ती सांगतो, किती ओळी कंपाइल झाल्या ते सांगतो, आणि शेजारी शेपटी नसलेली फाइल तयार होते. बिंदू, तिरपी रेघ आणि नाव दिलं की ती चालते. ही फाइल खरा आर्म मशीन कोड आहे, मध्ये कुणी दुभाष्या नाही. प्रूटमुळे फाइल उघडणं वगैरे कामं थोडी मंदावतात, नुसत्या गणिताच्या लूपवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. 'परमिशन डिनाइड' आलं तर बहुधा फाइल सामाईक स्टोरेजवर ठेवली आहे. ती टर्मक्सच्या आतल्या फोल्डरमध्ये आणून कंपाइल करा.

गूगलच्या पिक्सेल फोनवर २०२५ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लिनक्स टर्मिनल चालू करता येतं. त्यात डेबियन वेगळ्या आभासी यंत्रात चालतं, त्यामुळे प्रूटचीही गरज नाही.

कन्सोलची, म्हणजे प्रोग्रॅमने ओळी वाचायच्या आणि छापायच्या जागेची, अडचणही टर्मक्समध्येच सुटते. पास्कलचा साधा प्रोग्रॅम असं धरून चालतो, की एका बाजूने ओळी येतात आणि दुसऱ्या बाजूने ओळी जातात. पूर्वी दोन्ही टोकांना टेलिप्रिंटरसारखं यंत्र असे. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही टीटीवाय म्हणतात ते त्या यंत्रावरून. अँड्रॉइडच्या सामान्य ॲपला असं टोकच नसतं. छापलेली ओळ थेट शून्यात जाते. टर्मक्स हे खोटं टेलिप्रिंटर पुरवतं आणि प्रोग्रॅमचं समाधान होतं.

अंगठ्याने पास्कल

फोनच्या कीबोर्डवर लिहायला पास्कल सी या भाषेपेक्षा सोयीची आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फोनचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. सी-मध्ये एवढ्यानेच प्रोग्रॅम मोडतो. पास्कल लहान-मोठ्या अक्षरांत भेदच करत नाही. 'बिगिन' कसंही लिहा, चालतं. (टर्मिनलवरच्या कमांडना ही सवलत नाही, त्या लहान अक्षरांतच.) दुसरं, सी-चे महिरपी कंस कीबोर्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या थरात दडलेले असतात, तर पास्कलचं 'बिगिन' आणि 'एंड' साध्या अक्षरांत लिहून होतं. विसर्गासारखा कोलन आणि अर्धविराम मात्र शोधावे लागतात, आणि ते दर ओळीला लागतात.

कीबोर्ड खरा घात करतो तो अवतरणचिन्हांत. नोट्सच्या ॲपमध्ये किंवा कुठून कॉपी केलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह आलेलं असतं. डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो. कंपायलर 'इल्लीगल कॅरॅक्टर' म्हणून थांबतो आणि कंसात डॉलर ई२ असं काहीतरी दाखवतो. त्या वळणदार चिन्हाचा तो पहिला बाइट. हा ई२ दिसला की दुसरं काही तपासू नका, अवतरणचिन्हं पुसून हाताने पुन्हा टाका. टर्मक्समध्ये कंट्रोलची कळ हवी असेल तर आवाज कमी करायचं बटण धरून अक्षर दाबा. कंट्रोल-सी करून अनंत लूप थांबवायला हे लागतंच.

आता जुन्या पुस्तकांतले प्रोग्रॅम. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात पास्कलचं पुस्तक हाती लागलं, तर त्यातले प्रोग्रॅम टर्बो पास्कल धरून लिहिलेले असण्याची शक्यता दाट. फ्री पास्कल त्यातले बरेचसे जसेच्या तसे घेतं. पण तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचा प्रकार. आठचं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढणारा साधा प्रोग्रॅम फोनवर चालवला की उत्तर येतं उणे २५,२१६. बरोबर उत्तर ४०,३२०. फोन ६४-बिट असला तरी फ्री पास्कल मूळ पद्धतीत इंटिजर हा प्रकार टर्बोच्या काळासारखा १६-बिटच धरतं. त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, ते उणे उत्तर हाती येईल. कंपाइल करताना ऑब्जएफपीसी किंवा डेल्फी मोड निवडला की इंटिजर ३२-बिट होतो आणि बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत निभतं. इंट६४ घेतला तर विसापर्यंत. रेंज तपासणी चालू करायची सवय त्याहून चांगली: मग प्रोग्रॅम चुकीचं उत्तर बिनदिक्कत छापण्याऐवजी रनटाइम एरर २०१ देऊन थांबतो. शिकवणाऱ्यांनी हा पर्याय पहिल्या दिवसापासून लावायला सांगावा असं मला वाटतं.

दुसरी, सीआरटी हे युनिट. पडदा पुसणं, रंग, कर्सर हव्या जागी नेणं हे सगळं त्यातून होतं आणि टर्मक्समध्येही होतं, कारण फ्री पास्कल त्यासाठी टर्मिनलला कळणारे संकेत पाठवतं. पण पुस्तकातला पडदा ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. उभ्या धरलेल्या फोनवर तेवढी अक्षरं मावत नाहीत, सत्तराव्या घरात काढलेली चौकट बाहेर जाते. फोन आडवा करा किंवा दोन बोटांनी अक्षर लहान करा. ग्राफ युनिटवरचे, वर्तुळं आणि बारचार्ट काढणारे प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालायचे नाहीत.

त्यासाठी डॉसबॉक्स आहे. तो जुना इंटेल पीसी आणि डॉस ही त्यावरची जुनी प्रणाली, दोन्हींचं सोंग घेतो, आणि त्यात अस्सल टर्बो पास्कल चालतं. बोरलँडने १.०, ३.०२ आणि ५.५ या आवृत्त्या नंतर फुकट उपलब्ध करून दिल्या होत्या. इथे एक गंमत. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीलाच यंत्राचा वेग मोजणारा एक लूप आहे. साधारण २०० मेगाहर्ट्झपुढच्या पेंटियमवर तो ठरावीक वेळात इतक्या जास्त वेळा फिरायचा की पुढच्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावायचं नाही, आणि प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच रनटाइम एरर २०० यायची, 'शून्याने भागाकार' म्हणून. डॉसबॉक्समध्ये वेग कमी ठेवता येत असल्याने तो प्रश्न येत नाही. तिथे अडचण कळांची: कंट्रोल-एफ९ ने प्रोग्रॅम चालवायचा, ऑल्ट-एफ५ ने उत्तर बघायचं, आणि फोनच्या कीबोर्डवर एफ९ कुठून आणणार? ओटीजी केबलला साधा यूएसबी कीबोर्ड जोडलात तरच हा उद्योग करावा.

तिसरी ठेच मराठीची. राइटएलएनमध्ये 'पुणे' लिहिलं तर टर्मक्सवर ते छापलं जातं, कारण दोन्हीकडे यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत आहे. पण त्याची लांबी विचारा: उत्तर १२. प, उकार, ण आणि मात्रा हे चार घटक, प्रत्येकी तीन बाइट. साध्या स्ट्रिंगचं लेंग्थ फंक्शन बाइट मोजतं. शब्द उलटा करायचा नेहमीचा प्रोग्रॅम 'पुणे'वर चालवलात तर बाइट उलटसुलट होऊन नुसता कचरा छापला जातो. सीआरटीने मराठी मजकूर ठरावीक घरात बसवायलाही जाऊ नका. त्या युनिटच्या जगात एक बाइट म्हणजे एक घर. फॅक्टोरियल आणि बबल सॉर्टला याने काही बिघडत नाही. नावांची यादी मराठीत लावायची असेल तर यूटीएफ-८ समजणारी फंक्शन लागतात, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

प्रोग्रॅम लॅबमध्ये दाखवायचा असेल तेव्हा पीएएस फाइलच पाठवा, फोनवर तयार झालेली चालणारी फाइल नको. लॅबच्या पीसीवर फ्री पास्कल पीएएस फाइलमधून आपली ईएक्सई बनवेल. आणि पीएएस फाइल जोडून पाठवा, प्रोग्रॅमचा मजकूर मेसेजमध्ये चिकटवून नको. व्हॉट्सॲपमध्ये दोन ताऱ्यांच्या मधला मजकूर ठळक होतो आणि तारे गायब होतात, आणि पास्कलमध्ये तारा म्हणजे गुणाकार.